मावशीच्या गिझरचा लाल दिवा

(टी. ई. इलेक्ट्रिकल)

हॉस्टेलवर राहणाऱ्या माणसाला गावात एखादी मावशी असणं किती गरजेचं असतं, हे रविवारचं मेसचं जेवण जेवलेल्यांना वेगळं सांगायला नको. माझी मावशी सिडकोत, त्रिमूर्ती चौकाच्या थोडं अलीकडे राहते. महिन्यातले दोन रविवार तरी मी तिच्याकडे पडीक असतो. जानेवारीतला असाच एक रविवार. निफाडचा पारा पेपरच्या पहिल्या पानावर आला होता (निफाड गारठलं की आपण नाशिकवाले उगाचच अभिमानाने स्वेटर घालून फिरतो), हॉस्टेलच्या नळाला हात लावायची सोय नव्हती आणि मी दोन दिवसांची अंघोळ एकदम उरकायची म्हणून टॉवेल घेऊनच निघालो होतो. दारातच मावशी म्हणाली, "अरे, गिझरचा लाल दिवा गेलाय. इलेक्ट्रिकलला आहेस ना तू? बघ जरा."

आता टी. ई. पर्यंत पोचलेल्या माणसाला ट्रान्सफॉर्मरचा फेजर डायग्राम विचारा, सिंक्रोनस मोटरचे व्ही-कर्व्ह विचारा. गिझरचा दिवा? मला हसूच आलं. म्हटलं, जेवायच्या आधी उरकून टाकू.

मावशीचा गिझर १५ लिटरचा, २ किलोवॅटचा. त्याला दोन दिवे. लाल पेटला म्हणजे सप्लाय आला, पिवळा पेटला म्हणजे कॉइल चालू आहे. पाणी तापलं की थर्मोस्टॅट टक् करून कॉइल तोडतो, पिवळा विझतो, लाल मात्र पेटलेलाच राहतो. मावशीचं सगळं वेळापत्रक या दोन दिव्यांवर चालतं. पिवळा विझला की पहिला नंबर काकांचा. आणि शेवटच्या माणसाने लाल विझवून बाहेर यायचं, असा घरातला नियम. लाल दिवा दिवाळीपासून मिचमिचत होता, मग अधूनमधून लागेनासा झाला, आणि आता पुरताच गेला. त्यामुळे गिझर दोनदा रात्रभर चालू राहिला होता. मावशीला चिंता लाइटबिलाची.

मी स्विच बंद केला. गिझरचा स्विच बाथरूमच्या बाहेर आणि प्लग आत, वर छताजवळ. स्टुलावर चढूनही प्लगपर्यंत हात नीट पोचत नव्हता, म्हणून प्लग काढायचा कंटाळा केला. (ही माझी पहिली चूक. लिहून ठेवा.) स्विच बंद केल्यावर पिवळा दिवा विझला. म्हणजे लाल बिघडलेला असला तरी धडधाकट असलेला पिवळाही सांगत होता की सप्लाय गेला. आणखी काय पुरावा पाहिजे? खालच्या झाकणाचे स्क्रू काढले. आत कॉइलची दोन टर्मिनल, थर्मोस्टॅट, आणि लाल दिव्याच्या दोन बारीक वायरी लग लावून बसवलेल्या. लग ओढायला बोटं पुढे केली तेवढ्यात दारातून काकांचा आवाज आला.

"टेस्टर लावलास का?"

"काका, स्विच बंद आहे. पिवळा पण विझलाय."

"मी स्विचचं नाही विचारलं. टेस्टर लावलास का?"

काका अंबडच्या एमआयडीसीत एका स्विचगिअरच्या कारखान्यात टेस्टिंगला होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी टेस्टर असतो, अजूनही. तो त्यांनी आधी बाहेरच्या चालू पॉइंटला लावून पेटतो का ते पाहिलं, मग माझ्या हातात दिला. मी निव्वळ मोठ्या माणसाचा मान राखायचा म्हणून टर्मिनलला लावला.

पेटला!

दुसऱ्या टर्मिनलला लावला. तिथेही पेटला. स्विच बंद, दोन्ही दिवे विझलेले, आणि आतल्या दोन्ही टर्मिनलवर फेज! खाली फरशी ओली, स्टूल लोखंडी. मी हळूच खाली उतरलो. काका काही बोलले नाहीत. त्यांनी जाऊन मेन स्विच खाली केला, टेस्टर पुन्हा दोन्हीकडे लावून घेतला, तो पुन्हा चालू पॉइंटला तपासायला शेजारच्यांच्या पॅसेजमधल्या बोर्डापर्यंत गेले, आणि परत येऊन कालनिर्णयचं जुनं पान उलटं करून माझ्यासमोर ठेवलं. "काढ सर्किट. तू इंजिनिअर."

ते सर्किट काढताना जे कळलं तेच या लेखाचं मुख्य काम आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

इंडिकेटर दोन वायरींच्या मध्ये बसलेला असतो. त्याला फक्त त्या दोन टोकांमधला फरक दिसतो. एका टोकाला २३० आणि दुसऱ्याला शून्य असेल तर तो पेटतो. दोन्ही टोकं शून्यावर असतील तर विझतो. आणि दोन्ही टोकं २३० वर असतील तरीही विझतो! त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. स्विच फेजच्या वायरीत असेल तर बंद केल्यावर पहिली स्थिती जाऊन दुसरी येते, सगळं ठीक. पण मावशीच्या बाथरूमच्या टाइल्स दोन वर्षांपूर्वी बदलल्या, तेव्हा वायरमनने गिझरसाठी ओढलेल्या दोन्ही वायरी लाल रंगाच्या होत्या आणि जोडताना त्यांची अदलाबदल झाली. स्विच जाऊन बसला न्यूट्रलमध्ये. स्विच बंद केला की तुटायचा न्यूट्रल. फेज दुसऱ्या वायरीने तसाच गिझरमध्ये यायचा, कॉइलमधून पलीकडच्या टर्मिनलवर जायचा (पाणी गार होतं, त्यामुळे थर्मोस्टॅट जोडलेलाच होता) आणि तिथे थांबायचा. करंट वाहायला वाट नाही, म्हणून कॉइलवर ड्रॉप नाही, म्हणून दोन्ही टर्मिनल २३० वर आणि दिवा अंधारात.

आपण मात्र दोन टर्मिनलच्या मध्ये लटकलेलो नसतो. आपण जमिनीवर उभे असतो, आणि जमीन शून्यावर. २ किलोवॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स २३० चा वर्ग भागिले २०००, म्हणजे सव्वीस-साडेसव्वीस ओहम. ओल्या अंगाचा हजार ओहम धरला तर वाटेतली कॉइल म्हणजे हत्तीपुढे मुंगी. करंट २२० मिलिअँपिअरच्या वर. माणूस वाचवायला बसवतात तो आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला पडतो, यावरून हिशोब करा. मावशीच्या जुन्या घरात आरसीसीबी नव्हता. नुसती कट-आऊट होती, आणि फ्यूजला माणूस आणि १०० वॅटचा बल्ब यातला फरक कळत नाही.

वायरींची अदलाबदल हे एकच कारण नाही, हेही काकांनी त्याच पानावर काढून घेतलं. वायरिंग अगदी बरोबर असलं तरी न्यूट्रल कुठे सुटला, एखाद्या टर्मिनलचा स्क्रू ढिला झाला, की स्विच चालू असतानाही इंडिकेटर विझतो, पाणी तापत नाही, आणि आत फेज आलेलाच असतो. नेमक्या अशाच वेळी आपण "गिझर बंद पडला" म्हणत झाकण उघडतो. पिवळ्या दिव्याचं तर कामच पाणी तापल्यावर विझायचं, सप्लाय असताना. शिवाय दिवा स्वतः मेलेला असू शकतो, जसा आमचा लाल. उलटंही होतं: लांबवर शेजारी-शेजारी गेलेल्या वायरींमधल्या कपॅसिटन्समुळे बंद लाइनवरही हा दिवा मंद तगमगताना दिसतो.

असो. मेन बंद होता, आता दिवा काढला. लाल प्लॅस्टिकच्या टोपीत शेंगदाण्याएवढा काचेचा फुगा, आत दोन तारा, आणि काच आतून काळपट. मी म्हटलं, "बल्ब उडालाय." काका म्हणाले, "फिलामेंट दाखव." फिलामेंट नव्हतंच. तो निऑन लॅम्प होता, आणि ही गोष्ट टी. ई.ला असून मला काचेकडे पाहून कळली नव्हती. तो घेऊन मी सिटीलिंकच्या बसने शालिमारला गेलो. रविवार असूनही एक इलेक्ट्रिकचं दुकान अर्ध्या शटरवर चालू सापडलं. दुकानदाराने दिवा हातात फिरवला आणि विचारलं, "रेझिस्टरवाला देऊ की नुसता?" मी म्हटलं, "दिवाच पाहिजे हो, रेझिस्टर नको." तो हसला. "घरी नेऊन लावशील आणि दुसरा घ्यायला परत येशील." वीस रुपयांत त्याने रेझिस्टर जोडलेला दिला.

त्याच्या हसण्याचं कारण असं. निऑन हा वायू १८९८ मध्ये लंडनला विल्यम रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांना द्रवरूप हवेतून सापडला. एक लाख लिटर हवेत तो जेमतेम १.८ लिटर असतो. १९१० मध्ये पॅरिसला जॉर्ज क्लोद यांनी त्याच्या लांब नळ्या पेटवून दाखवल्या, तेच पुढे दुकानांच्या पाट्यांवर आले. आणि १९१७ मध्ये अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये डॅनियल मॅकफार्लन मूर यांनी त्याचा हा छोटा, गार राहणारा दिवा बनवला. एवढ्याशा फुग्यात तापणारी तारच नाही, म्हणून तो बल्बसारखा "उडत" नाही. साधारण ६० ते ९० व्होल्टपर्यंत तो ढिम्म बसतो. मग वायू एकदम आयनाइझ होतो, तारेभोवती नारिंगी प्रकाश येतो, आणि त्यानंतर दिव्यावरचं व्होल्टेज ६० च्या आसपास टिकतं, करंट कितीही मागा. म्हणजे त्याला स्वतःला अडवता येत नाही. जास्त करंट, जास्त आयन, त्याहून जास्त करंट. थेट २३० वर लावला तर क्षणात फुटेल. व्हायवाला निगेटिव्ह रेझिस्टन्सचं उदाहरण विचारलं तर आपण टनेल डायोड ठोकून देतो. मावशीच्या बाथरूममध्ये चार वर्षं ते लटकत होतं.

म्हणून त्याच्यासोबत सिरीजला रेझिस्टर. आमच्या जुन्या दिव्याच्या पायाला स्लीव्हमध्ये तो होताच: लाल, लाल, पिवळा, सोनेरी. म्हणजे २२० किलोओहम. दिव्याचे ६० वजा केले तर रेझिस्टरवर १७० व्होल्ट, करंट १७० भागिले २२० के, म्हणजे ०.७७ मिलिअँपिअर. रेझिस्टरमध्ये तापणारी पॉवर ०.१३ वॅट. म्हणजे पाव वॅटचा चालेल? मीही तेच म्हटलं. काका म्हणाले, "दिवा आतून शॉर्ट झाला तर?" मग पूर्ण २३० रेझिस्टरवर येतात आणि पॉवर होते ०.२४ वॅट. पाव वॅटच्या अगदी काठावर, तीही गिझरच्या गरम झाकणाखाली. शिवाय पाव वॅटचा साधा कार्बन फिल्म रेझिस्टर सहसा २५० व्होल्टपर्यंतच धरतात, अर्ध्या वॅटचा ३५० पर्यंत. दुकानदाराने अर्ध्या वॅटचा दिला होता. फरक पैशांत मोजण्यासारखा नाही, तेव्हा घेताना एवढं बघावं.

आणि लाइटबिलाचं म्हणाल तर हा दिवा सगळा मिळून ०.१८ वॅट खातो. वर्षभर अखंड पेटला तर दीड युनिट. बसमध्ये मी रिकामा हिशोब केला: आपल्या एकलहऱ्याच्या केंद्रातला एक २१० मेगावॅटचा संच असे ११८ कोटी दिवे पेटवेल. (हा आकडा पेपरमध्ये येणार नाही, पाठ करू नका.)

काच काळी का पडते? ती काजळी नव्हे. आयन तारेवर आपटत राहतात, तारेच्या धातूचे कण उडून काचेवर बसतात. धातू झिजत जातो तसं दिवा पेटायला लागणारं व्होल्टेज वाढत जातं, आणि २३० च्या लाटेतला जेमतेम टोकाचा भाग उरतो. मग तो मिचमिचतो. मिचमिचणारा इंडिकेटर म्हणजे सप्लाय खराबच असं नाही, बऱ्याचदा तो दिव्याचा म्हातारपणा असतो. पण ढिल्या जोडणीमुळेही असंच दिसतं, तेव्हा लग काळा पडलाय का, वायरीचं कव्हर भाजलंय का, ते बघायचंच. आणखी एक: टोपी हिरवी असेल तर लाल टोपीतला दिवा तिथे चालत नाही. निऑनच्या प्रकाशात हिरवं जवळपास नसतंच, त्यामुळे हिरव्या इंडिकेटरसाठी आतून फॉस्फर लावलेला वेगळा दिवा येतो.

परत आल्यावर मेन बंद, टेस्टर, आणि नवीन दिवा बसवला. वायरी पिळून टेप लावायचा मोह झाला होता. काकांनी लगच वापरायला लावला, वर काचधाग्याची स्लीव्ह, कारण गिझरच्या आत साधा टेप तापून चिकट होतो आणि सुटतो. झाकणाच्या खाचेतलं रबर जागेवर बसवलं, नाहीतर बाथरूमची वाफ आत शिरते. सगळं मनासारखं झालं. मेन चालू केला. लाल पेटला, पिवळा पेटला. मावशीने टाळी वाजवली. वीसेक मिनिटांनी थर्मोस्टॅटने टक् केलं आणि दोन्ही दिवे जुळ्या भावांसारखे एकदमच विझले.

मी लाल दिवा थर्मोस्टॅटच्या पुढे, कॉइलच्या टर्मिनलवर लावला होता. तो पाहिजे थर्मोस्टॅटच्या आधी, जिथे सप्लायची वायर येते तिथे. तरच तो "सप्लाय आहे" सांगेल. काढताना कोणती वायर कुठे होती ते लिहून ठेवलं नव्हतं. (दुसरी चूक.) मोबाइलवर एक फोटो काढायला काय जात होतं? पुन्हा मेन बंद, पुन्हा टेस्टर, पुन्हा झाकण. जेवण गार झालं ते वेगळंच.

त्या दिव्याबरोबरच स्विचमधली अदलाबदलही काकांनी दुरुस्त केली. दहा मिनिटांचं काम. आणि दोन लाल वायरींपैकी न्यूट्रलवर काळी टेप गुंडाळली, पुढच्या माणसासाठी. तुम्हालाही बघायचं असेल तर पद्धत सोपी आहे. तीन पिनी सॉकेटकडे तोंड करून उभे राहा: वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. स्विच चालू असताना टेस्टर फक्त उजवीकडे पेटला पाहिजे, आणि बंद केल्यावर कुठेच नाही. स्विच बंद असताना डावीकडे पेटला तर तुमचंही मावशीसारखंच आहे. मग स्वतः उघडू नका, वायरमनला बोलवा. फक्त टेस्टर म्हणजे तरी काय? तोच निऑन दिवा आणि सोबत मोठा रेझिस्टर, मेगओहमच्या घरातला. तोही म्हातारा होतो, उन्हात दिसत नाही. म्हणून काकांची ती सवय: आधी चालू पॉइंटला, मग कामाच्या जागी, मग परत चालू पॉइंटला.

हॉस्टेलवर हे सांगितलं तेव्हा ई अँड टीसीवाल्यांनी लगेच तोडगा काढला: निऑन कशाला, एलईडी लाव! लावता येतो. दीड मिलिअँपिअरलाही हल्लीचे एलईडी चांगले दिसतात, त्याला दीडशे किलोओहमच्या आसपास रेझिस्टर लागेल, तो एक वॅटचा घ्यावा. पण एलईडीला उलटं व्होल्टेज पाचेक व्होल्टच सोसतं आणि एसीत दर सेकंदाला पन्नास वेळा ते उलटतं, म्हणून एलईडीच्या समांतर एक साधा डायोड उलटा लावावाच लागतो. तो विसरलात तर एलईडी किती टिकेल हे सांगता येत नाही. एक्स्टेंशन बोर्डात करून बघायला हरकत नाही. गिझरमध्ये, वाफेत आणि उष्णतेत, कंपनीने जे दिलंय तेच लावावं असं माझं मत झालंय.

इस्त्रीला मात्र यातलं काहीच लागू नाही. पुष्कळ जुन्या इस्त्र्यांमध्ये दिवा म्हणजे टॉर्चसारखा खराखुरा छोटा बल्ब असतो, काही व्होल्टचा. कॉइलच्या सिरीजमध्ये जाड तारेचा एक लहानसा तुकडा असतो, त्यावर जो थोडा ड्रॉप पडतो त्यावर तो पेटतो. तिथे निऑन लावला तर जन्मात पेटणार नाही, आणि तो बल्ब गिझरमध्ये लावला तर फुटेल. दिवा गेला तरी इस्त्री चालते, कारण करंट त्या तारेतून जातो. म्हणजे विझलेल्या दिव्याची इस्त्री गरम नाही असं समजून कॉटवर आडवी ठेवणाऱ्यांनी (सेकंड फ्लोअर, ओळखलंत ना?) गादीला पडलेलं भोक आठवावं.

पुढच्या आठवड्यात मी आमच्या विंगमधले एक्स्टेंशन बोर्ड तपासायला घेतले, काकांचा टेस्टर घेऊन. भिंतीतले सगळे पॉइंट बरोबर निघाले. बोर्ड मिळून अकरा. चार बोर्डांना दोन पिनी टॉप होता. तो भिंतीत कसाही घुसतो, त्यामुळे त्यांच्या स्विचमध्ये आज फेज की उद्या न्यूट्रल, हे ज्याने घातला त्याच्या नशिबावर. ते चारही आम्ही तीन पिनी करून घेतले. राहिलेल्या सातांपैकी तीन आतून उलटे जोडलेले. तिन्हींचे इंडिकेटर झकास पेटत होते, पेटणारच; दिव्याला फेज डावीकडून आला काय नि उजवीकडून आला काय.

त्या तिनांपैकी एक माझा होता. एफ. ई.ला वर्कशॉपमध्ये बनवलेला. त्या जॉबला मला दहापैकी नऊ मार्क पडले होते.